घरच्या कापसाची गादी

वडीगोद्रीच्या बदरोद्दीन पिंजाऱ्याचं एक ठाम मत होतं. सल्ला आणि जाहिरात या दोन गोष्टींना पैसे मोजणारा माणूस एकतर येडा असतो, नाहीतर त्याचा पैसा दुसऱ्याचा असतो. या मतापायी दिवाळीच्या आधी तो निवडणुकीला उभा राहिला. म्हणजे तो राहिला नाही, गावानं त्याला उभा केला.

झालं असं. हायवेच्या कडेला त्याचं गादीचं दुकान, मागं पत्र्याच्या शेडमध्ये कापूस पिंजायची मशीन. हायवेच्या पलीकडे कल्याणशेठनं फोमच्या गाद्यांचं शोरूम टाकलं. काचेचं दार, आत एसी, प्लॅस्टिकात गुंडाळलेल्या गाद्या भिंतीला टेकून अशा उभ्या, जणू नवरदेवाकडच्या करवल्याच. गिऱ्हाईक तिकडं वळायला लागलं तसं बदरोद्दीननं ठरवलं, आता आपणही फ्लेक्स लावायचा. फ्लेक्सवाला मिथुन मजकूर लिहून द्यायचे दोनशे वेगळे घ्यायचा, म्हणून मजकूर बदरोद्दीननं स्वतःच जुळवला : 'गादीसाठी एकच नाव, बदरोद्दीन!' तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा स्वतःवर खूश झाला.

मिथुनच्या कम्प्युटरात नमुना एकच होता, वाढदिवसाचा. मधोमध हात जोडलेल्या माणसाचा फोटो, पाठीमागं उगवता सूर्य, खाली शुभेच्छुकांसाठी सहा गोल. गोल रिकामे सोडले तरी पैसे तेवढेच, असं कळल्यावर बदरोद्दीननं त्यात तीन मेहुणे, दोन साडू आणि एक व्याही बसवून टाकले. दिल्या पैशाचं पुरेपूर वसूल करावं, असा त्याचा स्वभाव.

फ्लेक्स चौकात चढला त्याच्या दुसऱ्या दिवशी शटर उघडायच्या आत दारात पाच माणसं.

"चाचा, अभिनंदन! कोणत्या वार्डातून?"

"कशाचा वार्ड?"

"आता लपवता काय. गादीवर बसायचं ठरवलं न् आमाला इचारलं बी न्हाई."

दुपारी एकजण तुंबलेल्या नालीची तक्रार घेऊन आला. एका पोराटोरांच्या टीमला टी-शर्ट पाहिजे होते. दिवस कलताना खुद्द कल्याणशेठ रस्ता ओलांडून आला. ग्रामपंचायतीत एक पॅनल तो चालवायचा, त्यामुळं नवा उमेदवार त्याला परवडणारा नव्हता.

"बदरभाई, आपले इतक्या सालाचे संबंध. गादी पाह्यजे होती तर सांगायचं की आधी."

"अहो शेठ, मी गादी इकतो!"

"आत्ताच इकायला निघाले? निवडून तर या आधी."

आठ दिवसांचा हिशेब असा : भेटायला आलेली माणसं एक्केचाळीस, चहाची साखर अडीच किलो, विकलेल्या गाद्या शून्य. एक उशी गेली. ती त्याच्या साडूनं घेतली, आणि तीही उधारीवर.

नवव्या दिवशी बदरोद्दीननं फ्लेक्स उतरवून शेडवर अंथरला आणि मनाशी निकाल लावला. कापसाचे दिवस संपले. मशीन भंगारात द्यायची, त्या पैशात थोडी भर घालून कल्याणशेठकडूनच फोमची छोटी एजन्सी घ्यायची, आणि दुकानाला काच बसवायची. जालन्याचा राधेश्यामशेठ भंगारवाला बोलावून आणला. त्यानं मशीनभोवती दोन चकरा मारल्या, लोखंडावर किल्लीनं टकटक केलं, नऊ क्विंटल वजन अंदाजलं आणि चौतीस रुपये किलोचा भाव बोलला. दोन हजार रुपये इसार हातावर ठेवला.

"पंधरा डिसेंबरला टेम्पो न् गॅसकटर घेऊन येतो," राधेश्याम म्हणाला. "जबान पक्की?"

"पक्की."

हे पक्की ऐकायला लालबी दारातच उभी होती. बदरोद्दीनची बायको. गाद्यांच्या खोळी, उशांचे अभ्रे, रजईचे टाके, सगळं तिच्या हातचं. बाहेरच्यांशी ती मराठी बोलायची, नवऱ्याशी घरची उर्दू, आणि राग आला की दोन्ही एकदम.

"फोमकी गादीको चेन लगी हुई आती, जी," ती म्हणाली. "मंग मी काय शिवू? तुमचं कफन?"

बदरोद्दीननं इसाराचे दोन हजार गल्ल्यात टाकले. ती मशीन त्याच्या हाताखाली तीस वर्षं चालली होती. तिचा कोणता पट्टा कधी सरकतो, हे त्याला आवाजावरून कळायचं. पण माणूस पोट बघतो, आवाज नाही.

लालबीनं मात्र त्याच दिवशी एक फोन लावला, अंबडला, मोनालीला.

मोनाली म्हणजे अप्पाराव गुरुजींची मुलगी. गुरुजींनी बदरोद्दीनची तिन्ही लेकरं शिकवली होती, म्हणून या घरात त्या नावाला वजन. पुण्यात जाहिरात कंपनीत पाच वर्षं काढून ती परत आली होती आणि अंबडच्या बसस्टँडमागं दोन खोल्यांत स्वतःचं ऑफिस थाटलं होतं. एक दूध डेअरी, एक शिकवणीचे क्लास आणि एक रसवंती एवढी तिची गिऱ्हाइकं. पण त्या रसवंतीसमोर उन्हाळ्यात गाड्यांची रांग लागायची, हे लालबीनं एसटीच्या खिडकीतून स्वतः पाहिलेलं.

मोनाली आली, दुकानातल्या एका जुन्या गादीवर मांडी घालून बसली, चहा घेतला आणि आकडा सांगितला.

"तीन महिन्यांचे अठरा हजार, चाचा. महिन्याला सहा. जाहिरातीचा खर्चा वेगळा, पण तुम्हाला इचारल्याबिगर एक रुपया टाकणार न्हाई."

बदरोद्दीनचा चहा बशीतच राहिला. "अठरा हजारात तू देशील काय, बेटा?"

"आधी प्रश्न इचारीन."

"प्रश्न? पैसे घेऊन?"

"डॉक्टर न्हाई का इचारत?"

"डॉक्टर गोळ्या तरी देतो."

"बरं, एक फुकटचा इचारते. दोन सालात जाहिरातीवर तुमचे किती गेले?"

"आपला कुठं खर्चा! आपण समदं इकडून-तिकडून फुकटातच भागवलं."

तेवढ्यात कोपऱ्यातली शिलाई मशीन थांबली. लालबीनं सुई तशीच कापडात ठेवली आणि बोटांवर मोजायला घेतलं.

"रिक्षावर भोंगा, आठ दिवस, चार हजार आठशे. कॅलेंडरं पाचशे, साडेसहा हजार. त्यात अमावास्या हाय, एकादशी हाय, रोजाचा टाइम हाय, आपला फोन नंबर तेवढा न्हाई. कबड्डीची ढाल तीन हजार. तिच्यावर 'बदरोद्दीन गाडी भांडार' छापलं, तवापासून लोक जुनी ट्रॅक्टरं इचारत येतेत. रिक्षाची स्टिकरं दीड हजार. पेना दोन हजार, अन् त्या लिहितच न्हाईत. फ्लेक्स चोवीसशे." ती थांबली. "वीस हजार दोनशे. साखर सोडून."

बदरोद्दीननं बशीतला थंड चहा एका घोटात संपवला.

"सोळा कर," बदरोद्दीन शेवटी म्हणाला.

"चाचा, गिऱ्हाइकानं हजार कमी दिले तर तुम्ही गादीत दोन किलो कापूस कमी भरता का?"

"तोबा! तसला धंदा आपल्या बापानं केला न्हाई."

"मंग मी बी न्हाई करत."

बदरोद्दीननं सहा हजार मोजून दिले, पण तोंड असं केलं जणू दाढ काढून देतोय. शिवाय अट घातली : पंधरा तारखेला मशीन जाणार. त्याआधी काही दिसलं तर दिसलं.

पुढचे तीन दिवस मोनालीनं काहीच केलं नाही. निदान बदरोद्दीनच्या हिशेबानं तर नाहीच. दुकानात बसायची, येणाऱ्याला चार गोष्टी विचारायची, वहीत टिपायची. त्याच्या जुन्या वह्यांतून नंबर काढून गिऱ्हाइकांना फोन लावायची आणि पंधरा-पंधरा मिनिटं बोलायची : गादी कशी आहे, कुणासाठी घेतली होती, इथंच का आलात. फोनवर हसायचीही. हसणारी बाई पैसे देऊन दुकानात बसवणारा मी पहिलाच, असं बदरोद्दीन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला.

चौथ्या दिवशी ती मागच्या शेडमध्ये शिरली. बदरोद्दीन धावत मागं गेला. तिथलं काम त्याला दाखवायचं नव्हतं. पुढं दुकानात तो तयार गाद्या विकायचा, तो त्याच्या मते धंदा. मागच्या दारानं शेतकरी आपापल्या घरचा कापूस घेऊन यायचे, सरकी काढून, पिंजून, भरून न्यायचे. ती त्याच्या मते निव्वळ मजुरी. मजुरी कोण कशाला मिरवेल?

शेडमध्ये कापसाचे सात-आठ गठ्ठे होते. प्रत्येक गठ्ठ्यावर सुतळीनं बांधलेली चिठ्ठी.

"हे काय, चाचा?"

"काही न्हाई. चिठ्ठ्या हायेत."

मोनालीनं एक वाचली. "'धम्मपाल. लिंबाचं वावर. पहिली वेचणी.' हे कशाला लिहिता?"

"अगं भांडणं होतेत! एकाचा कापूस दुसऱ्याच्या गादीत गेला तर डोकी फुटतेल. मागं एकदा माझ्या हातून दोघा साडूंची अदलाबदल झाल्ती. धाकट्याच्या पोरीच्या गादीत थोरल्याचा कापूस गेला. महिनाभर दोघं बोलत नव्हते. शेवटी लग्नाच्या आदल्या दिवशी दोन्ही गाद्या उसवून पुन्हा भरून दिल्या, फुकट. तवापासून चिठ्ठी."

"पण कापूस तर कापूसच. फरक काय पडतो?"

बदरोद्दीननं तिच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की हिला पुण्यात नेमकं शिकवलं काय. "फरक? बाप लेकीला गादी देतो ती काय बाजारातून न्हाई का मिळत? आपल्या वावराचा, पहिल्या वेचणीचा पांढरा कापूस ठेवतो तिच्यासाठी. बाकीचा व्यापाऱ्याला. लेक सासरी गेली तरी निजते बापाच्याच वावरात. दुसऱ्याचा कापूस कसा चालंल?"

एवढं बोलून त्यानं एक गठ्ठा उगाच इकडचा तिकडं केला. मोनाली मात्र जागच्या जागी उभी राहिली होती.

"चाचा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चढला होता, "मी चाळीस लोकांना फोन केले. त्यातल्या एकतीस जणांनी एकच सांगितलं : तिथं आपलाच कापूस आपल्याला भेटतो. तुम्ही तुमचा धंदा मागच्या दारात लपवलाय, न् पुढच्या दारात कल्याणशेठची नक्कल करून राह्यलात!"

"पण ही मजुरी हाय."

"मजुरी न्हाई. कल्याणशेठ जगातला कोणता बी फोम मागवू शकतो. धम्मपालदादाचं लिंबाचं वावर कुठून मागवील?"

 तीस वर्षं बदरोद्दीन रोज ज्या गठ्ठ्यांवर बसून डबा खात होता, त्या गठ्ठ्यांकडं त्यानं पहिल्यांदा गिऱ्हाइकासारखं पाहिलं.

मग पळापळ सुरू झाली. मोनालीनं दुकानाच्या पुढच्या तयार गाद्या मागं नेल्या आणि शेडची मधली भिंत पाडून मशीनच रस्त्यावरून दिसेल अशी केली. बोर्ड नवा लिहून घेतला, मोठ्या अक्षरात, सूर्यबिर्य काही नाही : 'कापूस तुमच्या वावरातला, गादी तुमच्या लेकीची.' खाली फोन नंबर. बदरोद्दीननं तो नंबर स्वतः चार वेळा तपासला. लालबीकडं तिनं नवीच जबाबदारी दिली. गादीच्या कोपऱ्यात कापडी पट्टी, तिच्यावर लाल दोऱ्यानं वावराचं नाव, वेचणी आणि गाव. लालबीनं पहिली पट्टी शिवली आणि दुपारच्या जेवणाला उठलीच नाही. आणखी चार शिवूनच उठली.

व्हिडिओच्या दिवशी बदरोद्दीन सफारी घालून आला. हिंदीतून भाषण पाठ करून आला होता, 'माननीय ग्राहकों'पासून 'आपका सेवक'पर्यंत. ते सगळं मोनालीनं शांतपणे मोबाईलवर टिपून घेतलं. तेवढ्यात धम्मपाल आणखी एक गठ्ठा कापूस घेऊन आला. बदरोद्दीननं मूठभर कापूस उचलला, दाबला, धागा तोडून पाहिला आणि सफारी विसरला.

"हे काय आणलं रे? ओल हाय ह्यात! वापस ने!"

"चाचा, लग्न दहा दिवसांवर आलंय..."

"मंग दोन दिवस उन्हात घाल न् आठव्या दिवशी गादी ने! लेकीला ओल्या कापसावर निजवतो का? बाप हायेस का व्यापारी? चल, उचल!"

धम्मपालनं मुकाट्यानं गठ्ठा उचलला. मोनालीनं मोबाईल खाली केला. तिच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते बदरोद्दीनला बिलकुल आवडलं नाही.

आणि तिनं नेमकं तेच टाकलं. भाषण नाही, सेवक नाही. मशीनवर उडणारा कापूस, लालबीचा लाल दोरा, आणि मधोमध बदरोद्दीन गिऱ्हाइकाला हाकलतोय. धम्मपालला विचारलं होतं, तो म्हणाला, टाका की, खरंच ओला होता. तिनं पैसे मोजून तो व्हिडिओ फक्त कापूस पिकवणाऱ्या तालुक्यांत दाखवायची सोय केली, ज्यांच्या घरात लग्नाच्या वयाच्या लेकी असतील अशा वयाच्या माणसांना. मुंबई-पुण्याला नाही. तिथल्या माणसाकडं वावर कुठलं?

बदरोद्दीननं व्हिडिओ पाहिला तेव्हा त्याचा रक्तदाब वाढला.

"सहा हजार देऊन मी स्वतःची बदनामी करून घेतली! आख्ख्या जिल्ह्याला दाखवलं, हा माणूस आलेलं गिऱ्हाईक हाकलतो!"

"चाचा, चार दिवस थांबा."

पहिल्या दिवशी एक फोन आला. मेहुण्याचा. सफारी नवी आहे का, विचारत होता. दुसऱ्या दिवशी कुणीच नाही. तिसऱ्या दिवशी बदरोद्दीन मशीनला तेल द्यायला गेला आणि दिलं नाही. बारा दिवसांनी कापायचीच आहे, तेल कशाला वाया घालवा.

चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला फोन वाजला. परतूरहून. "ते ओला कापूस वापस करणारे चाचा तुम्हीच का? माझा तर वाळलेला हाय, बघा." तो ठेवतोय तोवर घनसावंगीचा. मग बदनापूरचा. लालबी भाकरी अर्धी तव्यावर टाकून वही घेऊन बसली. दुपारपर्यंत फोन गरम झाला म्हणून तो फॅनखाली धरावा लागला. प्रत्येकजण एकच म्हणायचा : जो माणूस गिऱ्हाईक परत पाठवतो त्याच्याकडं कापूस द्यायला भीती नाही.

"सुना क्या?" लालबी ओरडली. "अठरा गाद्या! एका दिवसात!"

बदरोद्दीन शेडमध्ये गेला आणि मशीनला दुप्पट तेल दिलं.

तीन दिवसांनी दुकानासमोर एक पिकअप थांबली. आत कापसाचे पाच गठ्ठे, वर ताडपत्री, आणि ताडपत्रीवर एक पोरगी, हातात सरकीच्या रिकाम्या गोण्या. खाली उतरलेला माणूस मच्छिंद्र, पिंपळगाव रेणुकाईचा. पार भोकरदन तालुक्यातून शंभराच्या वर किलोमीटर आला होता.

"वाटेत गाद्यांची दुकानं किती लागली?" बदरोद्दीनला राहवलं नाही.

"मोजली न्हाईत. पोरीनं व्हिडिओ दाखवला न् म्हणाली, तिथंच."

पोरगी म्हणजे शिवकन्या. जानेवारीत तिचं लग्न. ती सरळ लालबीसमोर जाऊन बसली.

"पट्टीवर काय घालू, बेटी? बाबा म्हणले माळावरचं वावर."

"बाबांना काय कळतंय! विहिरीचं वावर घाला. तिथला मी स्वतः वेचलाय, दसऱ्यापासून."

"अगं, सातबाऱ्यावर दोन्ही एकच हाय," मच्छिंद्र म्हणाला.

"सातबाऱ्यावर निजायचं न्हाई मला."

दुकानातली माणसं हसली. मच्छिंद्र मात्र पिकअपकडं तोंड करून उगाच ताडपत्रीची दोरी सोडत बसला. बदरोद्दीननं कापसात हात घातला, धागा तोडला, आणि नेहमीसारखं खोट काढायला तोंड उघडलं. खोट सापडेना. कापूस कोरडा, पांढरा, लांब धाग्याचा.

"न्हाई पाठवत वापस," तो म्हणाला. "जागा करा रे."

मोनालीनं लालबीसमोर बसलेल्या शिवकन्येला विचारलं, आणि तिच्या परवानगीनं विहिरीच्या वावराची पट्टी शिवताना लालबीचा हात आणि पोरीचं तोंड, एवढंच तीस सेकंद टाकलं. त्यानंतरचं मोजायला लालबीला दुसरी वही आणावी लागली.

असं करता करता पंधरा डिसेंबर उजाडला.

राधेश्यामशेठ दहाला टेम्पो घेऊन आला. मागं गॅसकटर, सिलेंडर, दोन माणसं. पण दुकानापर्यंत टेम्पो पोचेना. आधीच तीन पिकअप, दोन ट्रॅक्टर आणि एक बैलगाडी. मशीन एवढ्या जोरात चाललेली की टेम्पोचा हॉर्न कुणाला ऐकूच गेला नाही. राधेश्याम उतरला, कापसाच्या उडत्या धुळीत शिंकला आणि पुढं सरकायला लागला.

"ओ शेठ, मागं!" एक शेतकरी ओरडला. "नंबर लावा. कापूस कोणत्या गावचा?"

"कापूस न्हाई माझा! मशीन न्यायला आलो मी. भंगारात घेतलीय."

ट्रॅक्टरवरचं हसणं थांबलं. रांगेत मच्छिंद्रही होता, गाद्या न्यायला आलेला. तो सावकाश चालत आला आणि राधेश्यामच्या टेम्पोसमोर आपली पिकअप आडवी लावून परत जागेवर जाऊन उभा राहिला. 

बदरोद्दीननं मशीनचा खटका खाली केला. एकदम शांत झालं. सगळे त्याच्याकडं बघत होते. लालबीही, हातात लाल दोरा धरून. जबान दिलेली होती, इसार घेतलेला होता, आणि वडीगोद्रीत बदरोद्दीन पिंजाऱ्याची जबान कधी फिरली नव्हती. कापसाचा एक पुंजका त्याच्या भुवईवर बसला होता, तो त्यानं काढला.

"राधेश्यामशेठ, इसार दोन हजार होता. बाजाराचा कायदा काय म्हणतो? मोडणारानं दुप्पट द्यायचं." त्यानं गल्ला उघडला आणि आठ नोटा मोजून समोर धरल्या. "हे चार. माझी जबान मी पैसे भरून मोडतो. मशीन देत न्हाई."

रांगेतून अशी आरोळी उठली की समोर कल्याणशेठ काचेचं दार उघडून बाहेर आला. निवडणूक लागली की काय, असं त्याला वाटलं असावं.

राधेश्यामनं नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या, खिशात घातल्या आणि गळ्यातला रुमाल झटकला. "चाळीस देतो किलोला."

"न्हाई."

"पंचेचाळीस. आता यापुढं माझं मलाच परवडत न्हाई."

"शेठ, पंचेचाळीस सोडा. ही मशीन दिवसाला सहा गाद्या भरते न् माझ्याकडं बाकी हायेत तीनशे बारा. जानेवारीच्या तारखा चुकल्या तर बापं मला ह्याच मशीनमध्ये पिंजतेल." बदरोद्दीन जवळ गेला आणि आवाज खाली केला. "तुमच्याकडं दुसरी हाय का? भंगारात आलेली, पण न कापलेली?"

राधेश्यामच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यानं रांगेकडं पाहिलं, बोर्डाकडं पाहिलं, मग बदरोद्दीनकडं.

"एक हाय. सेलूच्या पिंजाऱ्याची. यार्डात पडली."

"चौतीसनं देता? भंगाराचा भाव."

"भंगाराचा भाव भंगाराला, बदरभाई. ती मशीन हाय. अख्खं ओतीव लोखंड, एक दात तुटला न्हाई. सेलूच्या माणसानं हात जोडून सांगितलं होतं, शेठ, कापू नका, कुणीतरी कदर करणारा येईल. मी तवापासून ताडपत्री टाकून सांभाळली."

"खरंच सांगितलं होतं?"

"आता आठवलं मला."

बदरोद्दीन गर्रकन मोनालीकडं वळला. "ह्याला बी तूच शिकवलं का?"

"न्हाई चाचा," मोनाली वहीत तोंड खुपसून हसत होती. "पण ह्यांची फी मात्र घेतली पाहिजे मी."

पाच मिनिटांत बदरोद्दीन यार्डातली मशीन बघायला टेम्पोत चढला. मच्छिंद्रनं पिकअप मागं घेऊन वाट दिली. लालबीनं मशीनचा खटका स्वतः वर केला, कारण तिला पुढचे दोन तास वाया घालवायचे नव्हते, आणि मशीनच्या आवाजापेक्षा मोठ्यानं ओरडली, "अजी, भाव करायला बसू नका! मी पंचवीस जानेवारीपर्यंत तारखा दिल्यात!"

बदरोद्दीननं खिडकीतून मान बाहेर काढली. पण तो लालबीकडं नाही, मोनालीकडं बघून ओरडला, "बेटा, दुसऱ्या महिन्याचे सहा हजार गल्ल्यात वेगळे काढलेत! घे न् मोजून घे! अन् चौथ्या महिन्याचं बी आत्ताच बोलून ठेव, पुढं तुझा भाव वाढंल!"

टेम्पो आला तसाच रिकामा जालन्याकडं निघाला. त्याचं भाडं कुणी द्यायचं, यावर दोघांचं अंबड येईपर्यंत काही जमलं नाही, असं टेम्पोवाला सांगतो.